फुंकणी आणि फुंकर

मैत्रिणींनो, गेल्या वैशाखात मी पाच दिवस शाळेत गेले. हसू नका. ज्वारीची मळणी उरकली होती, कडब्याची गंज रचून झाली होती आणि मृगाला अजून अवकाश होता. तेवढ्यात आमच्या बेंबळीत कळलं, की सुट्टीत शाळेच्या एका खोलीत बासरीचा वर्ग भरणार आहे. वेळ सकाळी सात ते नऊ, वयाची अट नाही. नातवाचं नाव घालायला गेले आणि त्याच्याखाली माझंही घालून आले.

घरी सांगितलं तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं, सुनंला लेकरं झाली, आन् तू आता पावा वाजीवणार? बाईमाणसानं फुंकायचं वाजाप तोंडाला लावावं का?" हे बोलणं मला नवं नव्हतं. लहानपणी थोरला भाऊ गुरांमागं पावा वाजवायचा. एकदा मी तो उचलून फुंकला, तर वडिलांनी हातातून काढून घेतला. त्याला चाळीस वर्षं झाली, पण ती रिकामी ओंजळ विसरले नाही. आमचे हे तेवढे म्हणाले, "जाऊ दे की गं आये. पाच दिसांत म्हशी काय आटायच्या न्हाईत."

पहिल्याच दिवशी माझा ताठा उतरला. जत्रेतली शिट्टीची बासरी कुणीही फुंकली तरी वाजते, कारण तिच्या तोंडातच हवेला वाट कोरून दिलेली असते. परदेशी शाळांतून मुलांना शिकवतात ते रेकॉर्डर नावाचं वाद्यही त्याच जातीचं. आडव्या बासरीला तशी वाट नाही. ती आपल्या ओठांनीच करायची. पोरांच्या बासऱ्या वाजू लागल्या, माझी नुसती फुसफुस करी. जोर लावला तर घेरी आली. मास्तरांनी खाली बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही फुंकणीनं चूल पेटवताय. लेकराचा गुडघा खरचटला की घालता ना, तशी फुंकर घाला." तशी घातली आणि बासरी बोलली. एकच सूर, तोही कापरा, पण माझा होता.

पुढं बोटांची परीक्षा. सहा भोकं. वरची तीन झाकली की सा. तिथून खालून एकेक बोट उचललं की रे, मग ग. सगळी झाकली की खालचा पंचम. नळीतली हवेची वाट जितकी लांब तितका सूर खालचा, एवढंच त्यातलं शास्त्र. पण खुरप्यानं आणि शेणामातीनं भेगाळलेल्या बोटांतून हवा निसटायची. मग रोज रात्री खोबरेल चोळून झोपले. हाताला तेल लावायला मला इतक्या वर्षांत सवड झाली नव्हती, हे तेव्हा ध्यानात आलं.

चौथ्या दिवशी मास्तरांनी थोरांच्या गोष्टी सांगितल्या. १९११ साली जन्मलेल्या पन्नालाल घोषांनी गुराख्याची ही बासरी लांब, खर्जाची करून मैफलीत नेली. १९३८ साली जन्मलेल्या हरिप्रसाद चौरसियांना पैलवान वडिलांनी आखाड्यात घातलं होतं, ते चोरून सूर शिकले. पुढं नाव झाल्यावरही ते मुंबईत अन्नपूर्णादेवींकडं शिकायला गेले आणि पहिल्यापासून शिकायची तयारी दाखवायला बासरीचा हातच बदलला. एवढा मोठा माणूस पुन्हा पहिल्या इयत्तेत बसला, आणि गुरू कोण, तर बाईमाणूस! हे मी घरी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.

शेवटच्या दिवशी घरची माणसं ऐकायला आली. सासूबाईही पदर सावरून दाराशी बसल्या. मी सा धरला, रे आला आणि ग वर सूर फाटला. पोरं खिदळली. मी थांबले, श्वास घेतला आणि पुन्हा सा पासून धरलं. या वेळी ग लागला. सासूबाई घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

तुमच्या घरी कुणाला शिकायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. बोटं सहज पुरतील अशीच बासरी घ्या, उगीच लांब नको. आणि आपल्याकडच्या उन्हात बांबू तडकतो, म्हणून ती उन्हात किंवा तापल्या पत्र्याखाली ठेवू नका. अधूनमधून आतून तेलाचा बोळा फिरवा.

मृगात सोयाबीनची पेरणी आली आणि चार दिवस मी बासरीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी सांजच्याला भाकरी थापत होते, तोच सासूबाईंनी ओसरीवरून विचारलं, "काय गं, तुजं ते नळकांडं बंद पडलं का?"

तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले आणि बासरी काढली.