पूर्णगडच्या चिखलातील प्रश्न

रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेस निघाले, की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या ठिकाणी पूर्णगड लागतो. किल्ला लहानसा आहे. जांभ्या दगडाची तटबंदी, खाली खाडी, पलीकडच्या काठावर गावखडी. ओहोटी लागली, की खाडीच्या कडेला कांदळवनालगत करड्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. गेल्या हिवाळ्यात सांगली जिल्ह्यातील एक निवृत्त मुख्याध्यापक या चिखलाच्या काठावर धोतर सावरून उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची नात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि प्रकल्पासाठी येथे महिनाभर राहिली होती. आजोबा पर्यटनाला आले नव्हते, नातीची समजूत घालण्यासाठी आले होते.

गावातील रविवारची पाठशाळा त्यांनी तीस वर्षे चालविली. गुडघे दुखू लागले तेव्हा ती नातीकडे सोपविली. दोन वर्षे मुलीने ती उत्तम सांभाळली आणि मग एके दिवशी दूरध्वनीवरून सांगितले, “आजोबा, मी आता पाठशाळा घेणार नाही. जे मला खरे वाटत नाही, ते लहान मुलांना खरे म्हणून सांगणे हे असत्यच नव्हे का? दुसरे व्रत तुम्हीच मला शिकवलेत.” या वाक्यापुढे आजोबा निरुत्तर झाले. तिने धर्म सोडला असता तर त्यांनी वाद घातला असता. येथे तर ती धर्माच्याच आधाराने पाठशाळा सोडीत होती.

अडचण नेमकी कोठे होती? दहावीच्या राज्य मंडळाच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. शनिवारी मूल शाळेत ते वाचते आणि रविवारी पाठशाळेत जीवांचे भेद पाठ करते. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची ती मांडणी अतिशय रेखीव आहे. पंचेंद्रिय तिर्यंचांचे जलचर, स्थलचर, खेचर असे भाग, स्थलचरांत पुन्हा चतुष्पाद, पोटाने सरपटणारे, हातांनी सरकणारे. जन्माचे प्रकार तीन: संमूर्च्छन, गर्भ आणि उपपाद. चार इंद्रियांपर्यंतचे सारे जीव संमूर्च्छन जन्माचे, म्हणजे मातापित्यांवाचून उत्पन्न होणारे, असे परंपरेने सांगितले आहे. मुले विचारू लागली, “ताई, मग मुंगीची अंडी कसली?”

त्या दुपारी नातीने आजोबांना चिखलावरची निवटी दाखविली. वीतभराच्या आतला हा मासा पाण्याबाहेर येतो, छातीच्या परांवर रेटा देत चिखलावरून चालतो, उडी मारतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून आणि ओल्या त्वचेतून श्वास घेऊन तो भरतीची वाट पाहू शकतो. डोळे बेडकासारखे डोक्यावर. खाडीकाठच्या माणसाला त्यात नवल नाही. घाटावरच्या माणसाला मात्र मासा चालताना पाहिला, की क्षणभर काही सुचत नाही.

“आजोबा, हा जलचर की स्थलचर?” तिने विचारले.

आजोबा बराच वेळ पाहत राहिले. “दोन्ही म्हणता येईल,” ते म्हणाले.

“परीक्षेत दोन्ही लिहिले तर तुम्ही गुण देत नव्हता.”

निवटी ही काही माणसाची पूर्वज नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. ती आजच्या काळातील मासळी आहे आणि जमिनीवर येण्याची तिची वाट स्वतंत्र आहे. चतुष्पाद प्राण्यांचे पूर्वज मांसल परांच्या वेगळ्या माशांतून आले. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील खडकांत २००४ साली टिकटालिक नावाच्या अशा प्राण्याचे अवशेष सापडले. वय सुमारे साडेसदतीस कोटी वर्षे. त्याला माशासारखे खवले आणि पर होते, पण परांच्या आत मनगटाची हाडे होती आणि मान वळविता येत होती. विशेष असे, की संशोधक तेथे योगायोगाने पोहोचले नव्हते. कोणत्या वयाच्या खडकांत असा प्राणी सापडावा याचे अनुमान आधी बांधून ते शोधायला गेले होते. जे आधी सांगता येते आणि नंतर तपासता येते, त्याला केवळ कल्पना म्हणून बाजूला सारता येत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे म्हटले होते. वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोणी सांगितलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून तो खोडला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र दिले. हा वाद पुष्कळ गाजला. जैन समाजाने त्यात फारसे लक्ष घातले नाही, कारण आपला त्याच्याशी संबंध नाही अशी समजूत होती.

ती अर्धीच बरोबर आहे. युरोपात १८५९ नंतर जो संघर्ष पेटला तो मुख्यतः जगाच्या निर्मात्यावरून. आपल्याकडे निर्माता ईश्वर मानलेलाच नाही. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी महापुराणात जगत्कर्त्याच्या कल्पनेचे सविस्तर खंडन केले आहे. त्यामुळे ती लढाई आपली नव्हे. आपली अडचण निराळी. शास्त्राप्रमाणे विश्व अनादी आहे, जीवांच्या जाती अनादी आहेत आणि मनुष्यगतीही अनादी आहे. त्यात पहिला मनुष्य असा कोणी नाही. जीव एका जातीतून दुसरीत जन्म घेतो, पण जात स्वतः बदलत नाही. विज्ञान म्हणते की जातीच बदलतात.

यावर एक सोपे उत्तर व्याख्यानांतून नेहमी ऐकू येते. निगोदापासून मनुष्यापर्यंत जीवाचा प्रवास सांगून आपल्या आचार्यांनी डार्विनच्या आधीच उत्क्रांती सांगितली, असे ते उत्तर. टाळ्या पडतात, पण ते टिकत नाही. कर्मानुसार जीव वर चढतो तसा खालीही येतो. मनुष्य मरून एकेंद्रिय होऊ शकतो. तो एकेका जीवाचा प्रवास आहे, वंशाचा इतिहास नव्हे. शिवाय सध्याचा काळ अवसर्पिणीचा. पहिल्या आऱ्यातील माणसे तीन कोस उंचीची, पुढे उंची आणि आयुष्य घटत गेले, असे वर्णन आहे. जमिनीतून निघालेली हाडे तसे सांगत नाहीत. १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला. तो फार प्राचीन आहे, पण आकाराने आजच्या माणसाच्या कवटीच्या पंक्तीतलाच.

दुसरी सवय आहे जगदीशचंद्र बोस यांचे नाव घेण्याची. त्यांनी १९०१ साली लंडनच्या वैज्ञानिकांपुढे वनस्पतींचे विद्युत-प्रतिसाद दाखविले, आणि वनस्पतिकायात जीव असल्याचे विज्ञानाने मान्य केले असे आपण अभिमानाने सांगू लागलो. आचारांग सूत्रात मनुष्य आणि वनस्पती यांची तुलना आहे आणि ती विलक्षण सूक्ष्म आहे, यात शंका नाही. पण विज्ञान आपल्या बाजूने बोलले की साक्षीदार, विरुद्ध बोलले की मिथ्यात्वी, हा न्याय नव्हे. साक्षीदाराला बोलावले, की त्याची उलटतपासणीही ऐकावी लागते.

मुख्याध्यापक वाणिज्य शाखेचे. बँक जुळवणी पत्रक त्यांनी शेकडो मुलांकडून तयार करून घेतले होते. रोकडवही आणि पासबुक यांच्या शिलका जुळल्या नाहीत, तर कोणतीही वही फाडायची नसते आणि आकडा खोडून दुसऱ्यासारखा करायचाही नसतो. फरक एकेक करून लिहायचा आणि प्रत्येकासमोर कारण द्यायचे. काही फरक असे असतात, की धनादेश दिला आहे पण अजून वटलेला नाही. काही मात्र निव्वळ चुकीच्या नोंदी असतात आणि त्या दुरुस्त कराव्याच लागतात. आत्मा आहे काय, कर्माचा बंध कसा पडतो, मोक्ष म्हणजे काय, या नोंदी पहिल्या प्रकारच्या. त्या मोजण्याचे साधन विज्ञानाजवळ नाही. मुंगी आईबापांवाचून जन्मते ही नोंद मात्र दुसऱ्या प्रकारची आहे. मांसावर येणाऱ्या अळ्या माशांच्या अंड्यांतून होतात हे इटलीच्या फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्येच दाखविले. सूक्ष्म जंतूही आपोआप उपजत नाहीत, हे १८६० च्या दशकात लुई पाश्चर यांनी सिद्ध केले.

शास्त्रात दुरुस्ती म्हटले की आपण दचकतो. आचार्य वीरसेन दचकले नव्हते. षट्खंडागमावरील त्यांची धवला टीका १९३९ पासून अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनात छापली जाऊ लागली. तिच्यात वीरसेनांपुढे प्रश्न आला लोकाच्या आकाराचा. लोक मृदंगासारखा वर्तुळाकार मानला तर त्याचे घनफळ परंपरेने सांगितलेले ३४३ घनराजू भरले पाहिजे. त्यांनी शंकूचे छेद पाडून हिशेब केला, तो १६४ घनराजूंच्या आसपास आला. तेव्हा त्यांनी तो आकार नाकारला आणि दुसरा मांडला. ज्या ठिकाणी आचार्यांचे दोन मतप्रवाह मिळाले आणि निर्णयाचे साधन हाती नव्हते, त्या ठिकाणी त्यांनी उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशी दोन्ही मते नोंदवून ठेवली. हिशेब करता आला तेथे निर्णय, करता आला नाही तेथे दोन्ही मतांची जपणूक. हा मनुष्य आपल्या पाठशाळांतून शिकविला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

स्याद्वादाचेही तसेच. १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन इंग्लंड सोडून भारतात आले आणि कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले. नैसर्गिक निवडीला गणिताचा पाया देणाऱ्या तिघांपैकी ते एक. त्याच वर्षी ‘संख्या’ या संशोधनपत्रिकेत त्यांनी स्याद्वादाच्या सप्तभंगीवर लेख लिहिला. त्याआधी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना याच विचाराचा आधार घेतला होता. यावरून स्याद्वादाने डार्विन सिद्ध होत नाही, आणि डार्विनने स्याद्वादही नाही. इतकेच दिसते, की उत्क्रांती जाणणाऱ्या मोठ्या बुद्धीला आपल्या तर्कशास्त्रात परके वाटले नाही. अनेकान्त म्हणजे कोणतेही विधान कसेही चालेल, असा मात्र त्याचा अर्थ कोणी करू नये. कोणत्या अपेक्षेने बोलतो हे सांगण्याची सक्ती त्यात आहे.

दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात खाडीवरचा पूल ओलांडून कशेळीच्या सड्यावर गेली. कनकादित्याच्या मंदिरामुळे हे गाव प्रसिद्ध आहे. सड्यावरच्या जांभ्यात सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या आत इतर अनेक प्राण्यांच्या आकृती आहेत. सुधीर रिसबूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून अशी कातळशिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये कोकणातील निवडक कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. आज कोकणात न आढळणारा गेंडाही या कातळशिल्पांत कोठे कोठे दिसतो. शेतीचे चित्र मात्र अभ्यासकांना आढळलेले नाही.

येथे आजोबांचे डोळे चमकले. शेती नाही, म्हणजे ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी शिकविण्यापूर्वीचा हा काळ! नात हसली, पण तिने उत्तर दिले नाही. उत्तर आजोबांनाच परतीच्या वाटेवर सुचले. ऋषभदेवांचा काळ सागरोपमांत सांगितला आहे, ही चित्रे काही हजार वर्षांची. एक धागा जुळतो म्हणून घ्यायचा आणि न जुळणारा सोडायचा, हे काल आपणच चूक ठरविले.

मग त्यांनी मनातील खरी भीती सांगितली. मनुष्य हाही एक प्राणीच ठरला, तर मुले व्रत कशासाठी घेतील?

“आजोबा, ज्याला मी मारत नाही तो माझा दूरचा नातलग निघाला,” ती म्हणाली, “तर त्याला मारणे सोपे होईल की अवघड?”

हे सुंदर आहे, पण पुरेसे नाही. नात्यातली माणसे एकमेकांना मारीत आली आहेत, आणि नैसर्गिक निवड तर मृत्यूच्याच आधारे चालते. तिच्यातून अहिंसा निघत नाही. ती निघते दुसऱ्याचे दुःख आपल्यासारखेच आहे हे ओळखण्यातून, आणि ती ओळख टिकटालिकची हाडे देत नाहीत, आचारांग देते. आजोबांनी हे नातीला सांगितले आणि तिने ते मान्य केले. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असल्याने बोलणे तेथेच थांबले.

पाठशाळा पुन्हा सुरू झाली आहे. एका रविवारी आजोबा, दुसऱ्या रविवारी नात. जन्माचे तीन प्रकार अजूनही शिकविले जातात, पण वहीत समोर दुसरा रकाना आखला आहे. मुलांनी अंगणातल्या कढीपत्त्यावर फुलपाखराची अंडी शोधली, कोणालाही हात न लावता पंधरा-वीस दिवस पाहिली आणि तारखेनिशी नोंदविली. दोन पालकांनी विश्वस्तांकडे लेखी तक्रार केली आहे. आजोबांनी उत्तर तयार केले असून त्यासोबत धवलेतील संबंधित पृष्ठांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. विश्वस्तांची सभा चातुर्मासानंतर आहे.