निसटत्या पराभवाचे कौतुक

सामना हरून परतलेल्या संघाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो 'कितीने?' असा. उत्तर 'एका गोलाने' किंवा 'एका गुणाने' असे आले, आणि त्यातून प्रतिस्पर्धी आजवर कुणाकडूनच हरलेला नसला, की पराभवाचा जवळजवळ सत्कारच होतो. सीना आणि भीमा यांच्या मधल्या आमच्या मंद्रूपकडे फुटबॉलपेक्षा कबड्डी-कुस्तीची ओढ अधिक. पण रीत तीच. या कौतुकाने खेळाचे नुकसान होते, असे आमचे मत आहे.

१९६० सालच्या रोम ऑलिंपिकचे उदाहरण घेऊ. गटातल्या पहिल्या सामन्यात भारत हंगेरीकडून अवघ्या एका गोलाने, २-१ असा हरला. भारताचा गोल तुलसीदास बलराम यांचा. त्याच हंगेरीने पुढे पेरूला ६-२ आणि फ्रान्सला ७-० असे लोळवले. हे आकडे शेजारी ठेवले की आपला पराभव मोठा भारदस्त दिसू लागतो. गुणतक्ता मात्र वेगळेच सांगतो. ज्या फ्रान्सवर हंगेरीने सात गोल चढवले त्याच्याशी आपली १-१ बरोबरी झाली. ज्या पेरूवर सहा चढवले त्याच्याकडून आपण ३-१ असे हरलो. गटातील चार संघांत भारत शेवटचा राहिला. आणि गटात अपराजित ठरलेली ती हंगेरी? उपान्त्य सामन्यात डेन्मार्कने तिला २-० असे घरी धाडले नाही इतकेच. तिला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

हंगेरीशी दिलेली झुंज आम्ही कमी लेखत नाही. परंतु बलाढ्याशी थोडक्यात हरल्याने इतरांविरुद्धचा एकही गुण पदरात पडत नाही, हे विसरता कामा नये.

आता १९६२ सालचे जकार्ता पाहा. आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाने भारताला पहिल्याच सामन्यात २-० असे हरवले. या पराभवात मिरवण्याजोगे काहीच नव्हते. पुढे थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना बाहेर न बसवता बाद फेरीत आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया समोर आला, तोही तोवर एकही सामना न हरता. भारताने तो २-१ असा जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैलसिंग यांचा. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर खेळलेले फॉर्च्युनाटो फ्रँको याच सुवर्णविजेत्या संघात होते.

रोमचा पराभव एका गोलाचा, जकार्ताचा दोन गोलांचा. तरी उपयोगी पडला तो दुसराच. कारण तिथे 'थोडक्यात गेलो' असे म्हणायची सोयच नव्हती, आणि नऊ दिवसांत संघाची मांडणी बदलण्याचे धैर्य प्रशिक्षकापाशी होते.

रहीम १९६३ साली वारले. २०२४ मधील 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले, हे चांगलेच झाले. पण रोमनंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा दिसलेला नाही. तेव्हा हरून आलेल्या पोरांची पाठ अवश्य थोपटावी, मात्र 'कितीने?' एवढ्यावर न थांबता 'पुढच्या सामन्यात काय बदलणार?' हेही त्यांना, आणि त्यांच्या प्रशिक्षकांना, विचारावे.