मुंबईची काळी पिशवी आणि आपली काळी ज्वारी



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात मुंबईच्या कचऱ्याचे काय काम, असे पहिल्याच ओळीला कोणी म्हणेल. मीही तेच म्हणत होतो.

मुंबईला काम निघाले की माझा मुक्काम परळला आतेभावाकडे असतो. त्याचे वडील गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ते पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. त्या काळी आपल्याकडच्या गाठी शिवडीजवळ कॉटन ग्रीनच्या गोदामात उतरायच्या आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत त्यांचे कापड व्हायचे. आता त्याच आवारांत मॉल आहेत, काचेच्या कचेऱ्या आहेत. आपला आणि परळचा व्यवहार तिथेच संपला, असे मी धरून चाललो होतो.

मागच्या मुक्कामात सकाळी वहिनींनी काळ्या पिशवीला गाठ मारून ती दाराबाहेर ठेवली. आत भाजीची देठे, उष्टा भात आणि रात्रीची उरलेली अर्धी भाकरी. जिन्यावर प्रत्येक दाराशी तशीच पिशवी. मी एक रिकामी पिशवी घेऊन ताणून पाहिली, हुंगली. आतेभाऊ म्हणाला, "अरे, शेतकीची पदवी घेतलीस ती कचरा हुंगायला?" खरे तर त्यासाठीच घेतली होती. ज्या मातीतून ती भाकरी आली, त्या मातीत ती परत जाणार की नाही, हे ती पिशवी कशाची केली आहे त्यावर ठरते.

ही पिशवी पॉलिथिनची. नव्या मालाची असेल तर तिचे मूळ खनिज तेलात नाहीतर वायूत असते. मुंबई हायच्या समुद्रातून निघालेल्या वायूपासून रायगड जिल्ह्यात नागोठण्याला पॉलिथिन बनते. पण कचऱ्याच्या पिशवीला नवा माल कोण घालणार? बहुतेक काळी पिशवी जुन्या प्लॅस्टिकची असते. भंगारवाल्याकडून आलेल्या पिशव्या, दुधाच्या थैल्या, वेष्टने निवडायची, धुवायची, चिरायची, वितळवून त्याचा दाणा पाडायचा. दादरच्या पलीकडे धारावीत हा धंदा आजही चालतो. (त्यांचाही माल "दाणा"च. फरक एवढाच की त्यांचा दाणा पावसात भिजून काळा पडत नाही.) असा दाणा नाना रंगांचा असतो, म्हणून त्यात काजळी मिसळतात. काळ्या रंगात सगळे खपते. मग तो वितळवून गोल फटीतून वर ओढतात, आत हवा भरून फुगा फुगवतात, तो चपटा करून कापतात आणि बूड चिकटवतात. पातळ आणि कुरकुर वाजणारी पिशवी बहुधा एचडीपीईची, मऊ आणि ताणली जाणारी एलडीपीई किंवा एलएलडीपीईची. कुजण्याच्या बाबतीत सगळ्या एकाच माळेच्या. सूक्ष्म जीवांना त्यांत खाण्यासारखे काही सापडत नाही. उन्हाने त्यांचे तुकडे पडतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे पडतात, इतकेच.

मुंबईकर या पिशवीला ओळखतो ते गटार तुंबते म्हणून. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, शहर बुडाले, आणि दोषाचा एक मोठा वाटा पिशव्यांच्या माथी गेला. दादर-परळच्या हिंदमाताला पाणी भरले की आजही तीच चर्चा होते. ती त्यांची चिंता झाली. आपली चिंता निराळी आहे, आणि ती मांडायला तिथे कोणी जात नाही.

दादरच्या फूल बाजारात पहाटे जाऊन पाहा. झेंडू, शेवंती, आंब्याची पाने. सगळा माल कुठल्या ना कुठल्या शेतातून आलेला. दुपारपर्यंत त्यातला न खपलेला, चिरडलेला माल कचरा होतो. मुंबईचा रोजचा कचरा साडेसहा-सात हजार टनांच्या घरात आहे आणि त्यात ओला, कुजणारा भागच मोठा आहे. हे सारे शेतातून गेलेले सेंद्रिय द्रव्य आहे. आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पुष्कळ ठिकाणी त्याच्याही खाली. गुरे कमी झाली, शेणखत विकत घ्यायची पाळी आली. आणि तिकडे देवनारला 1927 पासून डोंगर रचत आणले, जानेवारी 2016 मध्ये तो पेटला तेव्हा त्याचा धूर साऱ्या शहराने गिळला. आता बराचसा कचरा कांजूरमार्गला जातो. आपल्या शेताकडे काय येते?

येते, शहरी कंपोस्ट या नावाने थोडेफार येते. 2016 मध्ये केंद्र सरकारने त्याला टनामागे 1,500 रुपये साहाय्य जाहीर केले होते. मी स्वतः एका शहराचे असे खत मागवून प्रात्यक्षिकाच्या अर्ध्या एकरात टाकले. पिकाला ते वाईट नव्हते. पण पहिला पाऊस झाला, वरची माती बसली, आणि रानभर काळे कपटे चमकू लागले. कोळपे धरले की पासेला गुंडाळायचे. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "सायेब, हे कोणतं बियाणं पेरलं?" मला उत्तर देता आले नाही. शहरी कंपोस्ट कसे असावे हे खत नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे. 90 टक्के खत 4 मिलिमीटरच्या चाळणीतून गेले पाहिजे, असे त्यात आहे. पण कपटा 4 मिलिमीटरपेक्षा बारीक झाला की तोही खताबरोबर चाळणीतून जातो. पिशवीसकट कचरा यंत्रात फाडला तर चाळणी काय करणार? आणि एकदा मातीत गेलेला कपटा निवडून काढायला मजूर कुठून आणायचे?

यावर उपाय कायद्यात लिहून ठेवलेला आहे. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तिच्यात रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणी यांसाठी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना मोकळीक दिली. अशी पिशवी भारतीय मानक 17088 ला उतरली पाहिजे. म्हणजे मोठ्या ढिगात, 58 अंशांच्या आसपास उष्णता राखली तर सहा महिन्यांत ती सूक्ष्म जीवांनी खाऊन संपवली पाहिजे. इथे फसू नका. "विघटनशील" एवढाच शब्द छापलेली पिशवी म्हणजे ही नव्हे. घरामागच्या गार उकिरड्यात खरी पिशवीही लवकर विरणार नाही. आणि "वनस्पतीपासून बनवलेली" म्हणजे कुजणारी, असेही नाही. ब्राझीलमध्ये 2010 पासून उसाच्या मद्यार्कापासून पॉलिथिन करतात. ते नेहमीच्या पॉलिथिनइतकेच चिवट असते.

कंपोस्ट होणाऱ्या पिशवीत काय असते? एक भाग पीबीएटी नावाचे प्लॅस्टिक, जे तेलापासूनच होते पण कुजते, आणि त्यात मिसळलेला स्टार्च, नाहीतर पीएलए. नुसत्या स्टार्चची पिशवी ओल्या कचऱ्याने विरघळून जाईल, म्हणून ही भेसळ लागते. पीएलए आज बहुतेक बाहेरून येतो. तो इथे करायचे प्रयोग आहेत, पण ते उसाच्या साखरेवर. स्टार्च येतो मक्याचा. म्हणजे मुंबईचा कचरा उद्या कायद्याप्रमाणे भरला तरी त्यात ऊस-मक्याचा वाटा पडेल, ज्वारीचा नाही.

ज्वारीचे काय? दाण्यात स्टार्च मक्याइतकाच, सुमारे 70 टक्के. अडचण भावाची आणि रंगाची. 2025-26 चा हमीभाव संकरित ज्वारीला 3,699 आणि मक्याला 2,400 रुपये. क्विंटलला 60 किलो स्टार्च धरला तर किलोमागे दाण्याचा खर्च ज्वारीत जवळपास 62 रुपये, मक्यात 40. चांगली ज्वारी पिशवीत घालायला कोणी सांगत असेल तर त्याला गणित येत नाही, किंवा आपल्याला येत नाही असे त्याला वाटते. चांगली ज्वारी भाकरीचीच. पण काढणीच्या वेळी पाऊस लागून काळी पडलेली खरीप ज्वारी? ती व्यापारी मातीमोल भावाने उचलतो. बुरशीने थोडा स्टार्च खाल्लेला असतो, उतारा कमी पडतो, दाण्याचा रंग स्टार्चमध्ये उतरतो. कापडाच्या खळीला, खाण्याच्या पदार्थाला तो रंग चालत नाही. कचऱ्याच्या पिशवीला रंगाचे काय सोयरसुतक? हे करून पाहायला कोणाला सांगायचे तर आपल्या कृषी विद्यापीठांना. त्यांनी ज्वारीचे वाण काढले, त्या वाणांची काळी पडलेली रास कुठे जाते हेही त्यांनी पाहावे.

एक गोष्ट आपल्याकडचीही सांगितली पाहिजे. आपण कापूस वेचतो तो खताच्या जुन्या गोण्यांत. त्यांचे धागे कापसाबरोबर जिनिंगला जातात, सुतात येतात, त्यांना रंग चढत नाही, आणि कारखानदार त्यासाठी आपला भाव कापतो. मुंबईवाल्यांना आपल्या मातीतल्या कपट्यांबद्दल बोलायचे तर आपल्या बोंडातली सुतळीही आपणच काढली पाहिजे. वेचणीला जुने सुती धोतर, लुगडे वापरा.

धारावीत दाणा पाडणाऱ्यांच्या पोटावर पाय यावा असे मी म्हणत नाही. त्यांच्या काळ्या पिशवीत सुका कचरा भरा, राडारोडा भरा. फक्त ओला कचरा तिच्यात नको. तो उघड्या डब्यात द्या, किंवा मानकाला उतरलेल्या पिशवीत. परळच्या वहिनींना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "भावजी, ती पिशवी आमच्या वाण्याकडे मिळतच नाही, आणि मिळाली तर किती महाग!" हे खरे आहे. अधिसूचना 2018 ची, आणि दुकानात अजून काळीच. महापालिका आणि सरकारने मोठ्या सोसायट्या, मंडया, हॉटेले यांच्यापासून सुरुवात केली तर माल निघेल आणि दरही उतरेल.

ज्यांनी शहरी कंपोस्ट वापरले आहे त्यांनी येत्या जिल्हा बैठकीला एक काम करावे. शेतातली एक हात लांब, एक हात रुंद जागा आखून वरची चार बोटे माती चाळावी, निघालेले प्लॅस्टिकचे कपटे कागदात बांधून आणावेत, वर गावाचे नाव आणि खत टाकल्याचे वर्ष लिहावे. वजनकाटा मी आणतो.