आकाराचे भान नसलेले सौंदर्य

फॅशनच्या मासिकाचे मुखपृष्ठ, अत्तराचे खोके, जवाहिऱ्याची पाटी, भारी लग्नाची इंग्रजी पत्रिका... या सगळ्यांवर एकाच घराण्याची रोमन अक्षरे भेटतात. उभी रेघ ठसठशीत, आडवी केसासारखी बारीक, आणि टोकाला तितकीच बारीक, सपाट आडवी रेघ, म्हणजे सेरिफ. बोदोनी आणि दिदो ही या घराण्यातली मोठी नावे. अक्षरे देखणी आहेत, यात वाद नाही. पण ती हव्या त्या आकारात, हव्या त्या कागदावर दडपून बसवण्याची जी रीत पडली आहे, ती वाचकावर अन्याय करणारी आहे आणि अक्षरावरही.

जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) हा उत्तर इटलीतल्या सालुत्सोचा, मुद्रकाचा मुलगा. रोममध्ये प्रोपागांदा फीदे या धर्मसंस्थेच्या छापखान्यात तो जुळारी होता. (त्याच छापखान्यातून पुढे १७७८ साली मराठीचे एक व्याकरण पोर्तुगीज भाषेत निघाले.) १७६८ साली पार्माच्या ड्यूकने आपला सरकारी छापखाना त्याच्या हाती दिला आणि बोदोनी मरेपर्यंत तिथेच राहिला. इंग्लंडात बास्करव्हिल या मुद्रकाने गुळगुळीत कागद आणि गडद शाई वापरून बारीक रेघ नीट उठवून दाखवली होती. पॅरिसमध्ये दिदो कुटुंब त्याच वाटेने निघाले होते. बोदोनीने ती वाट टोकापर्यंत नेली. रुंद समास, ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा आणि मोठा टाइप असा त्याच्या पानांचा थाट असे. बारीक रेघेला श्वास घ्यायला जागा हवी, हे तो पक्के जाणून होता.

त्याच्या कामाचे मर्म मात्र वेगळेच आहे. टाइपाचा साचा ज्याने ठोकून बनवत, तो पोलादी पंच हाताने कोरण्याचा तो काळ. प्रत्येक आकाराचे अक्षर वेगळे कोरावे लागे, आणि कोरणारा नजरेच्या हिशेबाने त्यात फरक करी. लहान आकारात बारीक रेघ थोडी जाड, अक्षराचे पोट मोकळे, दोन अक्षरांतले अंतर सैल. मोठ्या आकारात रेघ खुशाल तलम. बोदोनीच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने, मार्गेरिताने, १८१८ साली त्याचा टाइपांचा नमुनाग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यात एकाच मापाचे रोमन टाइपसुद्धा जाडी-रुंदीच्या किंचित फरकाने पुनःपुन्हा येतात. म्हणजे ‘बोदोनी’ नावाचे एक अक्षर कधी नव्हतेच. होते ते मोठे कुटुंब.

हे कुटुंब मोडले ते विसाव्या शतकात. फोटोटाइपसेटिंगमध्ये एकाच मूळ निगेटिव्हवरून अक्षर लहान-मोठे करता येऊ लागले. मग संगणक आला आणि एकच रेखाटन सहा पॉइंटपासून शंभर पॉइंटपर्यंत ताणणे हाच शिरस्ता झाला. मथळ्यासाठी काढलेले अक्षर चित्राखालच्या ओळीत गेले की काय होते, ते ‘मिनिमम’ हा इंग्रजी शब्द त्यात लावून पाहावे. ‘एम’, ‘एन’ आणि ‘यू’ यांच्या उभ्या रेघा सांधणाऱ्या बारीक कमानी विरून जातात आणि उरतात खिडकीच्या गजांसारख्या उभ्या रेघांच्या ओळी. ‘ई’ची मधली रेघ गेली की तो ‘सी’ दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापली तर शाई बाजूने पसरून उरलीसुरली रेघही गिळते. चष्मा पुसून काही उपयोग नाही. दोष डोळ्यांचा नसतो.

यावर उपाय नाही म्हणावे, तर तोही आहे. १९९४ साली आलेल्या ‘आयटीसी बोदोनी’ या फॉन्टसाठी अक्षररचनाकार सम्नर स्टोन आणि त्यांचे सहकारी पार्माला जाऊन बोदोनीचे मूळ काम पाहून आले आणि त्यांनी ६, १२ व ७२ पॉइंटसाठी तीन वेगळी रेखाटने केली. ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकासाठी अक्षररचनाकार जोनाथन हॉफलरने केलेल्या दिदोची तर ६ ते ९६ पॉइंटपर्यंत सात रेखाटने आहेत. मापागणिक योग्य रेखाटन निवडले की मथळ्यातली आणि मजकुरातली बारीक रेघ कागदावर साधारण सारखीच उमटते. आज ‘बोदोनी मोदा’ हा फुकट मिळणारा फॉन्ट आकाराप्रमाणे आपल्या बारीक रेघेची जाडी बदलू शकतो. तेव्हा पैशाची सबब चालणार नाही.

देवनागरीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. आपल्याकडे रफार, मात्रा, अनुस्वार असा शिरोरेषेच्या वरचा सगळा संसार आधीच दाटीवाटीचा. त्यात जोडाक्षरांचे नाजूक सांधे. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा टोकाच्या जाड-बारीक रेघांचा फॉन्ट देवनागरी आणि रोमन दोन्हींत आहे, आणि तो मोठ्या मथळ्यासाठीच आहे. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर तो खुलेल. आतल्या लेखाला लावला तर वाचक दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकणार नाही. त्याच घाटाचा, पण नऊ-दहा पॉइंटच्या मराठी मजकुरासाठी नव्याने रेखाटलेला भाऊ फाउंड्रींनी करायला हवा. आणि प्रकाशकांनी त्याचे पैसे मोजायला हवेत, कारण मराठी जोडाक्षरांचा सगळा संच एका मापासाठी पुन्हा काढणे हे महिनोन्‌महिन्यांचे काम आहे.