आयएसआय छाप आणि घरातील अर्थिंग

इस्त्री, गीझर वा मिक्सर घेताना गिऱ्हाईक किंमत पाहते, फार तर आयएसआय छाप पाहते. उपकरणाच्या धातूच्या अंगातून स्पर्श करणाऱ्या हाताकडे किती वीज झिरपते, हे मात्र पाहून कळण्यासारखे नाही. विक्रेत्याला ठाऊक असलेले ग्राहकाला ठाऊक नसेल तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. विजेची उपकरणे त्या विवेचनात अधिकच चपखल बसतात. खराब मोटार निदान रस्त्यात बंद तरी पडते!

म्हणूनच या गळतीचे मापन हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नव्हे. आयएस ३०२ या मानकानुसार चाचणीत माणसाच्या देहाऐवजी सुमारे २,००० ओहम रोधाचे मंडल जोडून त्यातून वाहणारा प्रवाह मोजतात. उपकरण तापलेले असताना एकदा, आणि सुमारे ९३ टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवल्यावर पुन्हा. कोकणातला आषाढ ज्याने पाहिला आहे त्याला या दुसऱ्या मोजणीचे प्रयोजन समजावून सांगावयास नको. इस्त्रीसारख्या हलत्या, अर्थिंगयुक्त उपकरणास ०.७५ मिलिअँपिअरची मर्यादा आहे. माणसाला प्रवाह जाणवू लागतो तो अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास. दहाच्या सुमारास स्नायू असे आखडतात की अनेकांना हातातली वस्तू सोडवत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झील यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून हे अंतर मोजले होते. मर्यादेत सुरक्षिततेचा पुरेसा वाव आहे, असे त्यावरून म्हणता येते.

तथापि ही मर्यादा धडधाकट उपकरणाची आहे. आतील निरोधन फुटले की वीज थेट धातूच्या अंगावर येते, आणि तेव्हा प्राण वाचतात ते अर्थिंगच्या तारेमुळे. ती तार कारखान्याच्या हाती नाही. भिंतीतल्या सॉकेटला तिसरे भोक असते, त्यामागे तार असतेच असे नाही. शिवाय तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसविणारी जोडणी कोठेही स्वस्तात मिळते. इस्त्री आणि पाणी तापविण्याचा रॉड यांना २००३ च्या केंद्रीय आदेशाने छाप सक्तीची झाली. पण छाप मिळालेला रॉडही अशा सॉकेटला जोडला की निराधारच होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत उघड्या तारांचे बळी पुष्कळ असणार, सारा दोष घरगुती उपकरणांचा नव्हे. परंतु घरातील धोक्याचे अर्थकारण सरळ आहे. भाड्याच्या खोलीत अर्थिंगचा खर्च घरमालकाने करावयाचा आणि धक्का भाडेकरूने सोसावयाचा, अशी वाटणी असता मालकाने खर्च का करावा? गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्वीच बसविण्याबाबतही हेच घडते. अर्थिंग तपासल्याचा दाखला भाडेकरारास जोडण्याची सक्ती केली तर हा खर्च पुन्हा ज्याचा त्याच्याकडे जाईल. भाडे थोडे वाढेल, हेही मान्य केले पाहिजे.