षटकार कोणाला आधी दिसतो?

१९ ऑक्टोबर २०२३. गहुंजेच्या मैदानावर विराट कोहलीने बांगलादेशविरुद्ध षटकार मारला आणि त्या एकाच फटक्याने भारताचा विजय व त्याचे शतक, दोन्ही पूर्ण झाले. गहुंजे आणि तळेगाव दाभाडे, दोन्ही मावळातलीच. तरीही तळेगावच्या घराघरांत तो षटकार एकाच क्षणी पोहोचणे शक्य नव्हते. छतावर तबकडी असलेल्या घरी चित्र आधी येते. मोबाइलवर पाहणाऱ्याला शेजारच्या आरोळीवरून निकाल कळतो आणि चेंडू सीमापार जाताना नंतर दिसतो. हा अनुभव इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे इतिहास असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. हा धागा त्या इतिहासाचा.

विलंबाचे खापर बहुधा अंतरावर फोडले जाते. ते अन्यायाचे आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, आणि तिथवर जाऊन परतायला संकेताला पाव सेकंद पुरतो. खरा फरक वाटपाच्या रीतीत आहे. उपग्रह एकदाच बोलतो. ऐकणारे दहा असोत की दहा कोटी. ॲप मात्र प्रत्येक फोनशी स्वतंत्रपणे बोलते. चित्राचे काही काही सेकंदांचे तुकडे करून सर्व्हरवर ठेवायचे आणि मागेल त्याला त्याची वेगळी प्रत द्यायची. एक रीत दवंडीची, दुसरी टपालाची. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारने एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षकांचा विक्रम जाहीर केला. टपालाच्या रीतीने एवढ्यांना गाठणे हा पराक्रमच. परंतु सर्वांना एकदम मिळेल, असे वचन त्या रीतीत नसते.

या दोहोंच्या मधली तिसरी रीत म्हणजे मल्टिकास्ट. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह डीअरिंग यांनी ती मांडली आणि ऑगस्ट १९८९ मध्ये ‘आरएफसी १११२’ या दस्तऐवजाने तिला प्रमाणरूप मिळाले. पाठवणाऱ्याने एकच प्रत सोडायची. ज्यांनी मागणी नोंदवली त्यांच्याच दिशेने ती जाईल, आणि जिथे वाटा फुटतात तिथेच, त्याआधी नाही, तिच्या दोन प्रती होतील. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज याच पद्धतीने वीस ठिकाणी ऐकवला गेला. पुढे चित्रेही आली.

सार्वजनिक इंटरनेटने मात्र ही रीत स्वीकारली नाही. वाटेतल्या प्रत्येक राउटरने प्रत्येक गटाची नोंद ठेवायची, आणि एका प्रतीचे हजार वाटेकरी असतील तर पैसे कोणाकडून घ्यायचे, हा हिशेब कंपन्यांना जमला नाही. मल्टिकास्ट तगली ती चार भिंतींच्या आत: दूरचित्रवाणीच्या स्टुडिओंत, केबल-फायबरवरील टीव्हीत, कॅमेऱ्यांच्या नियंत्रण कक्षांत. तिथेच तिची खरी परीक्षाही झाली.

कारण सामान्य नेटवर्क स्विचला गट म्हणजे काय हे मुळात कळत नसे. मल्टिकास्टचा प्रवाह आला की तो सर्व दारांतून बाहेर लोटायचा, एवढेच त्याला ठाऊक. विनासंकोचित एचडी चित्राचा एक प्रवाह सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट असतो. असा लोंढा नको त्या दारात शिरला तर तिथले सर्व काम बुडते. उपाय यंत्र बदलून नव्हे, सॉफ्टवेअरने काढला गेला. स्विचला शेजाऱ्यांचे बोलणे ‘चोरून ऐकायला’ शिकवले गेले: कोणत्या दारामागचा संच कोणता गट मागतो, हे टिपायचे आणि तेवढ्याच दारांना प्रवाह द्यायचा. या युक्तीचे अधिकृत इंग्रजी नावही ‘स्नूपिंग’च आहे!

युक्तीला नव्या खोडी होत्याच. नोंद ताजी राहावी म्हणून कोणीतरी अधूनमधून ‘अजून पाहताय का?’ असे विचारावे लागते. नियमाने दर १२५ सेकंदांनी. विचारणाराच नेमला नसेल तर २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते आणि चार मिनिटे सुरळीत चाललेले चित्र अकारण थिजते. दोष कॅमेऱ्याचा समजून कॅमेरा बदलला जातो, आणि नवा कॅमेराही चार मिनिटांनी थिजतो. दुसरी खोड गणिताची. गटांचे पत्ते स्विचच्या पातळीवर उतरवताना २८ बिटांपैकी २३ बिटच शिल्लक राहतात, म्हणून ३२ वेगवेगळ्या गटांचा तेथे एकच पत्ता होतो. जुने सॉफ्टवेअर तेवढाच पत्ता पाहून एका गटाचे चित्र दुसऱ्याच्या दारी टाकी. सुधारित सॉफ्टवेअर मूळ पत्ता वाचते. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तर ‘अमुक गट, पण तमुकाकडूनच’ असे मागता येऊ लागले. २०१७ मध्ये ‘एसएमपीटीई २११०’ हे मानक आले आणि स्टुडिओतील जुन्या केबलींची जागा नेटवर्क घेऊ लागले, ते याच दुरुस्त्यांच्या बळावर.

एवढे असूनही पाठ्यपुस्तके मल्टिकास्टचे वर्णन ‘बँडविड्थची बचत’ असेच करतात. ही व्याख्या तोकडी आहे. एकदाच सोडलेली प्रत ही समानतेचीही हमी असते, आणि याचा पुरावा क्रिकेटमध्ये नव्हे, मुंबईच्या शेअर बाजारात मिळतो.

राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, १९९४ साली समभागांचे व्यवहार पडद्यावर आणले आणि पाठोपाठ गावोगावचे दलाल व्हीसॅटच्या तबकड्यांनी जोडले. दलाल स्ट्रीटच्या सभागृहात उभे राहण्याचा जुना मान त्यामुळे गेला. आकाशातून भाव सर्वांवर सारखाच बरसू लागला. २०१० मध्ये हीच संस्था दलालांना आपल्या सर्व्हरशेजारी जागा देऊ लागली, तेव्हा प्रत्येक सौद्याची क्षणोक्षणीची माहिती टपालाच्या रीतीने वाटली गेली. सर्व्हर एकामागून एक जोडण्यांना माहिती देई; सकाळी ज्याची जोडणी आधी, त्याचा क्रमांक आधी. यंत्रे सौदे करतात तिथे सेकंदाचा सूक्ष्म अंशही पैसा असतो. २०१४ च्या सुमारास एनएसई मल्टिकास्टकडे वळली आणि ही रांगच उरली नाही.

प्रकरण उजेडात आल्यावर सेबीने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशाने एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला, पण पुरेशी दक्षता न बाळगल्याबद्दल १०० कोटी भरण्यास सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये संगनमताचा पुरेसा पुरावा नसल्याचे नोंदवून सेबीने कारवाई निकाली काढली. चर्चा झाली ती माणसांच्या हेतूची. वस्तुतः त्या रांगेला कोणाच्या दुष्ट हेतूची गरजच नव्हती. वाटपाची रीत निवडली गेली तेव्हाच कोणीतरी पहिला आणि कोणीतरी शेवटचा ठरला होता. इतिहासाची पुस्तके उपग्रहांची छायाचित्रे छापतात, एखाद्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलल्याची तारीख छापत नाहीत. या प्रकरणात निर्णायक ठरलेली गोष्ट मात्र त्याच जातीची होती.

आता स्पर्धा धातू आणि काचेत उतरली आहे. जगातील अनेक शेअर बाजारांच्या सर्व्हरगृहांत प्रत्येक दलालाला समान लांबीची केबल दिली जाते. ज्याचे कपाट स्विचच्या शेजारीच आहे, त्याच्या केबलीचा उरलेला भाग वेटोळे करून ठेवलेला असतो.