भाषा लोकांची, वृत्तपत्र सरकारचे

बेलारूसच्या मिन्स्क शहरातून 'झ्व्याझ्दा' म्हणजे 'तारा' या नावाचे वृत्तपत्र निघते. भाषा बेलारूसी, मालक सरकार. तेथील राजवटीने बेलारूसी भाषेची गळचेपी केली असा आरोप झाला की, 'आम्ही तर त्या भाषेत वृत्तपत्र चालवतो' असा बचाव करता येतो. हा बचाव उलटतपासणीत टिकतो का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ऑगस्ट 1917 मध्ये बोल्शेविकांनी हे पत्र काढले ते रशियन भाषेत. पुढे सोव्हिएत सत्तेने स्थानिक भाषांना जवळ केले आणि 1927 पर्यंत पत्र पूर्णपणे बेलारूसी झाले. भाषेला दैनिक मिळाले. पण त्यात काय छापायचे ते पक्षच ठरवत होता. यांका कुपाला हा त्या भाषेचा सर्वात मोठा कवी. त्याच्यावर राष्ट्रवादाचा ठपका आला, चौकशी झाली, त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. नंतर डिसेंबर 1930 मध्ये त्याचे जाहीर माफीपत्र छापून आले ते याच 'झ्व्याझ्दा'त! कवीला त्याच्याच भाषेत नाक घासायला लावण्यासाठी सत्तेला ती भाषा बरोबर उपयोगी पडली. 1933 मध्ये व्याकरण आणि शुद्धलेखनही सरकारी हुकुमाने रशियनच्या जवळ नेण्यात आले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. नाझींच्या ताब्यातील मिन्स्कमध्ये मे 1942 मध्ये हे पत्र भूमिगत निघाले. संपादक उलाझिमिर अमेल्यान्यूक त्याच महिन्यात मारले गेले. नंतर ल्यूबानच्या दलदलीतील झिस्लाव बेटावरून ते छापले गेले. तेव्हा ते पत्र बाळगणे म्हणजे मरणाला आमंत्रण होते.

आता कायदा पाहू. 1994 च्या संविधानात बेलारूसी ही एकमेव राजभाषा होती. 1995 च्या सार्वमतानंतर रशियनला समान दर्जा मिळाला. 1998 च्या भाषा कायद्यात तर जागोजागी 'बेलारूसी आणि (किंवा) रशियन' अशी शब्दरचना आहे. कायद्याचा मसुदा वाचणाऱ्याला त्या कंसातील 'किंवा'चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कारकुनाने रशियनमध्ये उत्तर दिले तरी कायदा पाळला गेला! 2009 च्या जनगणनेत निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी बेलारूसी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. घरात ती बोलणारे चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाले.

भाषेवर सरकारचे खरोखरच प्रेम असते, तर त्याच भाषेतल्या 'नाशा निवा'ला त्याने जगू दिले असते. 1906 साली सुरू झालेले हे नाव 1991 मध्ये पुन्हा उभे राहिले, तेही सरकारी मालकीशिवाय. 2005-06 मध्ये सरकारी विक्री आणि वर्गणी व्यवस्थेतून ते काढून टाकले गेले. 2008 मध्येच परत घेतले. जुलै 2021 मध्ये त्याचे संकेतस्थळ बंद पाडून संपादकाला अटक झाली आणि जानेवारी 2022 मध्ये त्याला अतिरेकी गट ठरवण्यात आले. दोन्ही पत्रांची लिपी एक, शब्दकोश एक.